माझी उजवी खोली

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची, तीन खोल्यांची. माझ्या खोल्यांत कोणी राहत नाही. जो आत येतो तो दहा मिनिटांत बाहेर जातो. सध्या मी नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात, अ‍ॅनिमल हाऊसशेजारच्या सामानाच्या खोलीत, वरच्या फळीवर असते. माझ्या भिंतींवर बारीक भेगांचे जाळे पसरले आहे आणि डाव्या खोलीत कोणीतरी हातमोज्यांचे खोके ठेवले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या उजव्या खोलीमुळे एकदा काही जनावरांबद्दल चुकीचे लिहिले गेले, आणि ते कसे उघडकीस आले हे मी स्वतः पाहिले आहे. तेवढे सांगते.

माझा जन्म सातपूरच्या एमआयडीसीत, एका लहानशा गाळ्यात झाला. गाळ्याचे मालक गोरक्ष. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या बक्षिसांच्या ढाली, दवाखान्यातल्या टेबलांवरचे स्टँड असे काम ते करत. शीट कापायचे यंत्र ते स्वतः चालवत. कापलेल्या तुकड्यांच्या कडा घासून गुळगुळीत करायचे काम त्यांच्या धाकट्या भावाचे, महेशचे होते. महेश चौतीस वर्षांचा होता. यंत्र सुरू असेपर्यंत तो कानांवर जाड कानझाकणे लावून बसे. कोणाशी फारसे बोलत नसे. कड घासून झाली की डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवी आणि पटले नाही तर पुन्हा घासायला घेई.

एके दिवशी योगिनी नावाची मुलगी कागदावर माझे चित्र घेऊन गाळ्यात आली. ती कॉलेजात पीएचडी करत होती. एका ओळीत तीन खोल्या, मधल्या खोलीतून डावीकडे आणि उजवीकडे जायला एकेक दार, दोन्ही दारे वर सरकवून उघडता यावीत, असे तिला हवे होते. गोरक्षांनी मापे पाहिली आणि यात ठेवणार काय, म्हणून विचारले.

योगिनीने समजावून सांगितले. मधल्या खोलीत एक पांढरा उंदीर सोडायचा. एका बाजूच्या खोलीत जाळीच्या उपड्या डब्याखाली दुसरा, अनोळखी उंदीर. दुसऱ्या बाजूला तसाच डबा, पण रिकामा. दारे उघडली की उंदीर सोबतीकडे जातो की रिकाम्या डब्याकडे, आणि किती वेळ थांबतो, ते मोजायचे. काही माणसांना इतरांत मिसळणे जड जाते, त्याला ऑटिझम म्हणतात. त्यात मेंदूत नेमके काय होते याचा थोडासा अंदाज या उंदरांवरून घेता येतो, असे ती म्हणाली.

गोरक्षांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"आमच्या महेशला तेच म्हणाले होते डॉक्टर. पाच वर्षांचा होता तेव्हा."

योगिनीने महेशकडे पाहिले. तो तिच्याकडे पाठ करून बसला होता.

"उंदीर म्हणजे माणूस नव्हे, दादा," ती जरा अवघडून म्हणाली. "पण माणसाचा मेंदू उघडून बघता येत नाही ना."

गोरक्षांनी पट्टी पुन्हा उचलली. चार दिवसांत मी तयार झाले. क्लोरोफॉर्मने माझे सांधे जोडले, दारांसाठी खाचा पाडल्या. माझ्या कडांवर महेशने दीड दिवस घालवला. मोटारसायकलवर गोरक्षांच्या मागे बसून, जुन्या चादरीत गुंडाळलेली मी त्र्यंबक रोडने कॉलेजात आले. मला धरून महेशच बसला होता, पण गेटापासून तो पुढे आला नाही.

तिथे मला सांभाळणारी आणखी एक बाई होती, भागीबाई. मूळच्या सुरगाण्याकडच्या. अ‍ॅनिमल हाऊसमध्ये त्यांना अठरा वर्षे झाली होती. पिंजरे धुणे, भुसा बदलणे, पाण्याच्या बाटल्या भरणे हे त्यांचे काम. उंदीर पकडताना त्या शेपटीला हात लावत नसत. तळवा पुढे करून तो वर येईपर्यंत थांबत.

माझे काम सुरू झाले. उंदरांचे दोन गट होते. पहिल्या गटात बारा साधे उंदीर. दुसऱ्या गटातल्या बारांच्या आईला, ती गाभण असताना, फिट्सवरचे एक औषध ठरावीक दिवशी दिलेले होते. अशा पिल्लांमध्ये मोठेपणी काही वेगळेपण दिसते. ती इतरांत कमी मिसळतात, तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा करतात. जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांच्यावर अभ्यास होतो.

उंदराने डब्याला नाक लावले की नाही, हे दिसावे म्हणून योगिनीने माझ्या उजव्या खोलीवर एक छोटा कॅमेरा आणि गोल दिवा बसवला. भिंतीतला प्लग त्याच बाजूला होता. दिव्याचा अ‍ॅडॅप्टर वायरीला लोंबकळत माझ्या उजव्या भिंतीला टेकलेला असे. सोबतीची बाजू दर वेळी बदलायची असते, कधी डावी, कधी उजवी. हे योगिनीला माहीत होते. पण कॅमेरा हलवला की सगळी मापे नव्याने घ्यावी लागत. म्हणून पहिले चार-पाच उंदीर होईपर्यंत सोबती उजवीकडेच असू दे, असे तिने ठरवले. चार-पाचांचे दहा झाले, दहांचे चोवीस झाले. सोबती उजवीकडेच राहिला.

साधे उंदीर दार उघडताच उजवीकडे जात. औषधाच्या गटातले जात नसत. ते मधल्या खोलीच्या डाव्या कोपऱ्यात बसून राहत, नाहीतर डावीकडे जाऊन रिकाम्या डब्याभोवती फिरत. योगिनी स्टॉपवॉच दाबून आकडे लिही. पुस्तकात जसे लिहिले होते तसेच माझ्यात घडत होते. त्यामुळे कोणालाच शंका आली नाही.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. दिवा लागला की माझी उजवी भिंत थरथरायची. फार बारीक, सतत. माझे काम म्हणजेच ही थरथर असावी, असे मी धरून चालले होते. आणि ठाऊक असून तरी काय, पेटीला बोलता येत नाही.

चाचणी झाली की दीड तासाने त्या उंदराला बेशुद्ध करून मारत आणि त्याचा मेंदू काढून घेत. हे मी लपवणार नाही. कॉलेजात त्यासाठी समिती होती, तिची परवानगी होती, किती जनावरे वापरायची ते ठरलेले होते. मेंदूचे तुकडे मेणात बसवून कपाटात रांगेने ठेवले जात. त्यांचे पातळ काप करून रंग दिला की ज्या पेशी शेवटच्या वेळी कामात होत्या त्या तपकिरी ठिपक्यांसारख्या दिसतात. ते काम नंतर करायचे होते. उंदरांच्या वागण्याचे आकडे तेवढ्यात एका परिषदेला पाठवले गेले आणि निवडलेही गेले. योगिनीच्या मार्गदर्शक उज्वला मॅडम स्वतः येऊन मला पाहून गेल्या. त्यांनी माझ्या दारांची कड बोटाने तपासली आणि काम चांगले झाले आहे असे म्हणाल्या. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

प्रत्येक उंदरानंतर मला पुसावे लागे, आधीच्याचा वास राहू नये म्हणून. योगिनी स्पिरिटने पुसत असे. अ‍ॅक्रिलिकला स्पिरिट सोसत नाही. आधी सांध्यांपाशी बारीक भेगा आल्या, मग उजव्या दाराच्या खाचेचा टवका उडाला आणि दार अडकायला लागले. योगिनीने गोरक्षांना फोन केला.

गोरक्ष महेशला घेऊन आले. या खेपेला महेश गेटापाशी थांबला नाही, कारण खाचेचे काम त्याच्याशिवाय होणारे नव्हते. दुरुस्त झालेले दार कॅमेऱ्यात नीट दिसते का ते पाहायचे होते, म्हणून योगिनीने दिवा आणि कॅमेरा लावून ठेवले होते. महेश कोणाकडे न पाहता आत आला आणि माझ्या डाव्या बाजूला बसला. डावे दारही थोडे घासत होते. ते त्याने काढले, कड सारखी केली, परत बसवले. तासभर तो शांतपणे काम करत होता. मग उठून उजवीकडे आला आणि जागच्या जागी थांबला. दोन पावले मागे गेला. हातातला सँडपेपर टेबलावर ठेवून तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

गोरक्ष ओशाळले. "तो असाच आहे, ताई. नव्या जागेत बुजतो. थोड्या वेळानं करतो मी."

भागीबाई दारात बादली घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बुजला असता तर आतच आला नसता. डाव्या अंगानं तासभर बसला की तो. मंग उजवीकडंच काय झालं?"

योगिनी काही तरी लिहीत होती. तिचा हात थांबला.

ती व्हरांड्यात गेली आणि महेशला विचारले. त्याने उत्तर दिले नाही. तिने पुन्हा विचारले नाही. ती परत आली आणि आम्ही सगळे थांबलो. बऱ्याच वेळाने महेश आपण होऊन आत आला, सरळ भिंतीपाशी गेला आणि दिव्याचा प्लग काढला. मग माझ्या उजव्या बाजूला बसून त्याने खाच घासायला घेतली.

"काय झालं होतं?" योगिनीने विचारले.

"वाजत होतं," महेश म्हणाला.

कोणालाच काही वाजल्याचे आठवत नव्हते. योगिनीने अ‍ॅडॅप्टर उचलला, प्लग परत लावला आणि कानाशी धरला. तिला काही ऐकू आले नाही. तिने तो भागीबाईंना दिला, त्यांनाही नाही. तेवढ्यात महेश उठून बाहेर गेला होता. योगिनीने प्लग काढला. तो आत आला. तिने प्लग लावला. तो गेला.

तिसऱ्यांदा प्लगकडे नेलेला हात तिने मागे घेतला. आपण काय करतो आहोत ते तिच्या लक्षात आले असावे.  प्लग तिने टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन महेशसमोर, पण थोड्या अंतरावर, उभी राहिली.

"महेशदादा, चुकलं माझं. मी बंद केलंय. आता नाही लावणार."

महेशने मान हलवली. आत येऊन त्याने दार पुरे केले, डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवला आणि गोरक्षांबरोबर निघून गेला.

उंदरांना माणसांपेक्षा कितीतरी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येतात, हे योगिनी पहिल्या वर्षापासून शिकत आली होती. पांडवलेण्यांतल्या वटवाघळांचा अभ्यास करणारी तिची एक मैत्रीण होती. वटवाघळांचे आवाज पकडणारे यंत्र तिच्याकडून मागून आणून योगिनीने ते माझ्या उजव्या खोलीत ठेवले. दिवा लावताच पडद्यावर एक जाड पांढरा पट्टा उमटला. त्याची खालची कड एखाद्या तीक्ष्ण कानाच्या माणसाला जेमतेम ऐकू येईल इथपर्यंत आली होती. डाव्या खोलीत तोच पट्टा फिका होता. 

मित्रांनो, तिच्या पुढे काय होते ते नीट समजून घ्या. साध्या उंदरांना तो आवाज नकोसा होता, पण ते त्यातूनही सोबतीकडे जात होते. औषधाच्या गटातल्यांना तो सोसत नसावा. त्यांना सोबत नको होती की आवाज नको होता, हे तिच्या आकड्यांवरून सांगता येत नव्हते. आणि तिने लिहून टाकले होते की त्यांना सोबत नको असते.

भागीबाईंना तिने सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मंग ते चोवीस गेले ते?"

योगिनी तशीच उज्वला मॅडमकडे गेली.

उज्वला मॅडमना हे पटायला जड गेले. परिषद तीन आठवड्यांवर होती. असे निकाल इतरांनाही मिळाले आहेत, असे त्या म्हणाल्या, आणि ते खरेही होते. "कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं अख्खी तुकडी बिघडली, असं लिहायचं का आपण?"

"बिघडली की नाही, ते मला माहीत नाही मॅडम," योगिनी म्हणाली. "म्हणून तर परत करायचंय."

मॅडम माझ्या खोलीत आल्या. स्वतःच्या हाताने दिवा लावला, पट्टा पाहिला. दिवा बंद केला, पट्टा गेलेला पाहिला. असे त्यांनी चार वेळा केले. नंतर चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या.

"परिषदेला मेल करा, पेपर मागे घेतोय म्हणून. खाली माझंही नाव घाला. सोबती उजवीकडेच ठेवलाय, हे मलाही दिसायला हवं होतं."

समितीकडून नवी परवानगी मिळायला पाच महिने लागले. त्या काळात मी रिकामी होते. योगिनी मेणातले जुने मेंदू कापत बसे. ते चोवीस आता निरुपयोगी आहेत, असे तिला वाटत होते. पण काप सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर औषधाच्या गटात एक गोष्ट दिसली. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, धोक्याची जाणीव देणारा. तिथे तपकिरी ठिपक्यांची गर्दी होती. सोबतीचा आनंद जिथे उमटतो त्या भागात मात्र तुरळक ठिपके होते. भागीबाईंना तिने सूक्ष्मदर्शकातून ते दाखवले. त्या बराच वेळ डोळा लावून होत्या.

"म्हंजी घाबरलं होतं ते," त्या म्हणाल्या.

"असं दिसतंय. पण तुलना करायला शांत खोलीतले लागतील."

नवी तुकडी आली. आता दिवा नव्हता. खिडकीवर पातळ कागद लावून तेवढ्याच उजेडात काम चाले. वटवाघळांचे यंत्र रोज सकाळी तिन्ही खोल्यांत फिरवले जाई. सोबती डावीकडे ठेवायचा की उजवीकडे, ते चिठ्ठी काढून ठरे आणि चिठ्ठी भागीबाई काढत. मला पुसायला साबणाचे कोमट पाणी आले.

औषधाच्या गटातला पहिला उंदीर दारे उघडल्यावर चार मिनिटे मध्ये बसला. मग उजव्या दारातून नाक बाहेर काढले, आत घेतले, पुन्हा काढले. सहाव्या मिनिटाला तो सोबतीच्या डब्यापाशी होता. त्याने जाळीला नाक लावले आणि वेळ संपेपर्यंत तिथून हलला नाही. योगिनीने स्टॉपवॉच बंद केले.  भागीबाईंनी तळवा पुढे केला आणि उंदीर वर येईपर्यंत नेहमीसारख्या थांबल्या.

बारांपैकी आठ गेले. उशिरा गेले, साध्या उंदरांपेक्षा कमी वेळ थांबले, पण गेले. त्यांच्या मेंदूतल्या त्या बदामाच्या आकाराच्या भागात ठिपके कमी होते. म्हणजे आवाज होता तेव्हा भीतीने सोबतीची वाट अडवली असावी, असे योगिनीने लिहिले. 'असावी' हा शब्द मॅडमनी खोडू दिला नाही. उरलेले चार मात्र शांत खोलीतही गेले नाहीत. त्यांच्या मेंदूत भीतीची काही खूण नव्हती. ते नुसते मध्ये बसून राहिले होते.

दीड वर्षाने योगिनीच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. दाखवण्यासाठी मला सभागृहात नेऊन टेबलावर ठेवले होते. बाहेरगावचे परीक्षक होते, मागच्या रांगेत गोरक्ष इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. महेश आला नव्हता. माईकचा आवाज त्याला नको होता आणि तसे त्याने सांगितले होते. योगिनीने बोलायला सुरुवात केली ती आपल्या चुकीपासून. अ‍ॅडॅप्टर, लोंबकळणारी वायर, न बदललेली बाजू, हे सगळे तिने आधी सांगितले. आवाज कोणाच्या लक्षात आला, हे त्याच्या परवानगीने नाव घेऊन सांगितले. गोरक्षांनी खाली पाहिले.

शेवटी परीक्षकांनी विचारले, "आठ गेले ते ठीक. त्या चौघांना नेमकं काय नको होतं?"

मला वाटले, ती काही तरी तर्क लढवील. पडद्यावर मेंदूचे चित्र होतेच.

"माहीत नाही, सर," योगिनी म्हणाली. "त्यांनी मला दहा-दहा मिनिटं दिली होती. तेवढ्यात मला कळलं नाही."

 परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि पेनाला टोपण लावले.

मित्रांनो, त्यानंतर कॉलेजात आपोआप दारे उघडणारी नवी पेटी आली आणि मी वरच्या फळीवर गेले. तुमच्या शाळेत, प्रयोगशाळेत माझ्यासारखी एखादी असेल तर तिला स्पिरिटने पुसू नका. मऊ फडके आणि साबणाचे पाणी पुरते. दारांच्या खाचा स्वच्छ ठेवा. आणि दारे उघडूनही आतला कोणी बाहेर आला नाही, तर त्याला नाव ठेवण्याची घाई करू नका.